टाके निघाले, पुढे काय?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला फोन वाजला. एवढ्या उशिरा फोन आला की पोटात धस्स होतं. पलीकडे माझी जुनी मैत्रीण होती. एम. ए. करताना आम्ही दोघी धारवाडला एका खोलीत राहत होतो. आता ती बेंगळूरला असते.

‘‘शेजारी कुणी आहे का?’’ तिनं आधी हेच विचारलं. नाही म्हटल्यावर हळूच म्हणाली, ‘‘अगं, माझ्या हनुवटीखाली गाठी आल्यात. बोटाला खडे लागावेत तशा. मी काय करून बसले गं!’’

मग सगळं बाहेर आलं. वजन उतरवल्यावर तिच्या मानेची कातडी लोंबायला लागली होती. आरशात बघवेना, म्हणून सहा आठवड्यांपूर्वी तिनं मान घट्ट करून घेण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ‘नेक लिफ्ट’, करून घेतली होती. नवरा आणि मुलगी सोडून कुणाला पत्ता नाही. बाकीच्यांना ‘घशाचं लहानसं ऑपरेशन’ एवढंच सांगितलेलं. पहिले पंधरा-वीस दिवस बरे गेले. आता कानामागचे वण लाल होऊन वर आले होते आणि हनुवटीखाली टणक गाठी लागायला लागल्या होत्या.

‘‘मग डॉक्टरांना दाखव की,’’ मी म्हटलं.

‘‘कुठल्या तोंडानं? तुझं ऑपरेशन आजारपणाचं होतं. तू चारचौघांत सांगू शकलीस. माझं हौसेचं. हौस केलीस ना, मग भोग, असंच म्हणतील सगळे.’’

तिला वाटत होतं, मी चारचौघांत सांगितलं. खरी गोष्ट अशी की मीही सात आठवडे तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. ती हकीकत त्या रात्री तिला सांगितली. तीच आज वाचकांना सांगते.

२०२२ च्या जूनमध्ये माझ्या थायरॉईड ग्रंथीचा अर्धा भाग काढला. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. तपासणीचा अहवाल आला, गाठ साधी निघाली. घरी देवापुढे नारळ वाढवला. गळ्याच्या खळगीच्या वर दोन बोटांवर एक आडवी रेघ राहिली. मानेला जिथे नैसर्गिक घडी असते तिथेच सर्जन हा छेद घेतात, म्हणजे पुढे तो घडीत मिसळून जातो. या आडव्या छेदाला स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांचं नाव आहे. थायरॉईडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालं होतं. माझे टाके सातव्या दिवशी निघाले. ‘‘छान भरलंय’’ म्हणाले. हातातल्या कागदावर गोळ्यांची नावं होती, पुढच्या तपासणीची तारीख होती. वणाबद्दल एक ओळ नव्हती. मीही विचारलं नाही.

जुलैच्या मध्यावर वर्गात शिकवता शिकवता सहज गळ्याकडे हात गेला आणि मी वाक्य अर्ध्यात सोडलं. महिन्यापूर्वी सपाट असलेली रेघ दोरीसारखी वर आली होती. ताठ, लालसर, खाजरी. तिच्या वरची कातडी फुगली होती. पाण्याचा घोट घेतला की रेघ वर ओढली जायची, आतून कुणी धरून ठेवल्यासारखी. आणि रेघेच्या डाव्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ.

ज्या शब्दापायी ऑपरेशन केलं तोच शब्द परत दारात उभा. अहवाल चुकला असेल का? राहिलेल्या अर्ध्या भागात काही आलं असेल का? आपल्याकडे कन्नडमध्ये गळ्याला ‘गंटलु’ म्हणतात आणि गाठीला ‘गंटु’. भाषा शिकवणाऱ्या माणसाला असले शब्द रात्री झोपू देत नाहीत.

मी बंद गळ्याचे ब्लाउज शिवून घेतले. बाकी दिवस ओढणी. एका सहकारी बाईंनी ओढणीआडून वण पाहिला आणि लिंबू चोळायला सांगितलं. दुसरीनं व्हिटॅमिन ‘ई’ची गोळी फोडून लावायला सांगितली. मी गुपचूप दोन्ही केलं. लिंबाचा रस लावून श्रावणातल्या उन्हात कपडे वाळत घातले, तर वणाभोवती काळा पट्टा उठला. गोळीनं पुरळ आलं. डॉक्टरांकडे मात्र गेले नाही. गेले आणि त्यांनी ‘‘परत काढावं लागेल’’ म्हटलं तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं, असा तो शहाणपणा.

माझ्या सासरी कन्नड बोलतात. अत्ती, म्हणजे सासूबाई, बैलहोंगलच्या. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला गौरी आल्या. हळदीकुंकवाला वण दिसू नये म्हणून मी ठुशी घातली. ठुशी गळ्यालगत बसते, वण बरोबर झाकला गेला. संध्याकाळपर्यंत घासून घासून तो लालभडक झाला. बायका गेल्यावर अत्तींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, काही न बोलता ठुशीचा दोरा सोडवला, आणि मंगळसूत्राकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘इदनू तेगेदु इडु, मगळ.’’ हेही काढून ठेव, पोरी.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. स्वतःची ताळी त्या अंघोळीलाही काढत नाहीत. खरं तर त्यांना वाईट वाटेल म्हणूनच इतके दिवस मी ती साखळी वणावर घासू दिली होती.

मग त्यांनी पातळाचा पदर बाजूला करून डावा हात पुढे केला. नवी सून असताना चुलीवरचं आधण सांडून कोपरापर्यंत भाजला होता. मी तो वण रोज पाहत होते, कधी विचारलं नव्हतं. त्यांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. ‘‘कले होगोदिल्ल. आदर मेत्तग आगतैति.’’ डाग जात नाही, पण मऊ होतो. वर्षभर तो दगडासारखा होता म्हणे. ‘‘पण गाठ वेगळी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती मला कळत नाही. उद्या डॉक्टरकडे जा.’’

दुसऱ्या दिवशी गेले. सोनोग्राफी झाली. ग्रंथीत काही नव्हतं. तो वाटाणा म्हणजे आतल्या विरघळणाऱ्या टाक्याची गाठ होती. सात आठवडे मी एका दोऱ्याला घाबरून होते!

डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. टाके निघाले म्हणजे जखम बाहेरून बंद झाली, आतलं काम तेव्हा सुरू होतं. तिसऱ्या आठवड्याला त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच असते. ती भरून काढायला शरीर कोलाजन नावाचे धागे घाईघाईनं, वेडेवाकडे टाकत सुटतं. म्हणून चौथ्या आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंत वण उलट जास्त लाल, जास्त कडक होतो. आपल्याला वाटतं बिघडलं, पण बहुतेक वेळा तो घडणीचाच भाग असतो. पुढे शरीर ते धागे मोडून पुन्हा नीट ओळीत बसवतं. हे काम वर्षभर, कधी दीड वर्षही चालतं. सगळं झाल्यावरही ताकद मूळच्या ८० टक्क्यांपर्यंतच येते.

वणाच्या वरची सूज कशाची? चेहऱ्याकडून खाली उतरणाऱ्या लसिकेच्या बारीक वाटा आडव्या छेदात तुटतात. पाटाला बांध घातला की पाणी वरच्या अंगाला साचतं, तसं. महिन्यांत नव्या वाटा फुटतात आणि सूज उतरते. आणि घोटाबरोबर वण ओढला जातो तो कातडी खालच्या थरांना चिकटल्यामुळे.

उपायही साधे होते, फक्त नेमानं करायचे. जखम पूर्ण मिटली, खपली राहिली नाही, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मगच चोळायला सुरुवात करायची. मी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा चोळायचे. दोन बोटांनी वण दाबून गोल, मग वर-खाली, मग आडवं. बोट कातडीवरून घसरायला नको, बोटाबरोबर कातडी हलायला हवी. तेल खोबरेल असलं तरी चालतं, काम बोटं करतात. रात्री सिलिकॉनची पट्टी, दिवसा सिलिकॉनचं जेल, निदान तीन महिने. भाजलेल्यांच्या वणांवर सिलिकॉन १९८० च्या दशकापासून वापरात आहे. पट्टी दिवसातून निदान १२ तास राहिली तर गुण येतो, तासभर लावून काढली तर नाही. वर्षभर ऊन टाळायचं, कारण कोवळा वण उन्हानं काळवंडतो. आणि ठुशी, साखळी, कॉलर, वणावर घासेल असं काही नाही.

एक फरक मात्र ओळखायला हवा. काही वण फुगतात, पण छेदाच्या हद्दीतच राहतात. हळूहळू ते बसतात. काही हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतात. त्यांना ‘केलॉइड’ म्हणतात. खेकड्याच्या नांगीवरून हे नाव आलं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ते अधिक होतात, विशेषतः कानाच्या पाळीवर, छातीवर, खांद्यावर. कान टोचल्यावर गाठ झालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. केलॉइड नुसता कापून काढला तर बहुधा परत येतो, कधी मोठा होऊन. त्यावर काही आठवड्यांच्या अंतरानं वणातच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ज्यांच्या अंगावर आधी असा वण झाला आहे त्यांनी कुठल्याही ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगावं.

आणि वाट बघत बसायचं नाही अशीही लक्षणं आहेत. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत मान एकदम फुगली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर तत्काळ दवाखाना. पुढे केव्हाही वण गरम झाला, ठणकायला लागला, पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी. दाबल्यावर पाण्याच्या फुग्यासारखी हलणारी सूज असेल तर आत द्रव साठलेला असू शकतो, तो सुईनं काढतात. झपाट्यानं वाढणारी किंवा वणापासून दूर असलेली गाठ आपल्या बोटांनी ओळखायची नाही. ते काम सोनोग्राफीचं.

हे सगळं ऐकून बेंगळूरची मैत्रीण म्हणाली, ‘‘पण माझं नेक लिफ्टचं आहे.’’

मी म्हटलं, ‘‘अगं, ऑपरेशन हौसेचं की आजाराचं हे कातडीला कुठं कळतं? ती तेच धागे टाकते.’’ उलट तिच्या ऑपरेशनात छेद कानामागे आणि हनुवटीखाली लहान असले तरी आत मानेची कातडी बरीच रुंद सुटी केलेली असते, खालचा स्नायू टाक्यांनी आवळलेला असतो. त्यामुळे टणकपणा रेघेपुरता न राहता मानेभर हाताला लागतो. ‘‘तू सहाव्या आठवड्यात आहेस. सगळ्यात वाईट दिसण्याचा हाच काळ. पण माझ्यासारखं सात आठवडे लिंबू चोळत बसू नको. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे उद्या जा. आणि चोळायचं ते त्यांनी कुठे आणि किती सांगितल्यावर.’’

ती गेली. हनुवटीखालच्या गाठी आतल्या सुजेच्या होत्या, काही महिन्यांत विरतील असं सांगितलं. कानामागच्या एका वणात इंजेक्शन दिलं. कुणी तिला ‘‘कशाला केलंस?’’ विचारलं नाही. नंतर तिनं थोरल्या बहिणीलाही खरं सांगून टाकलं. बहीण रागावली, पण ऑपरेशनबद्दल नाही, आपल्याला कळवलं नाही म्हणून.

माझा वण आज चांगला मऊ आहे. आरशात शोधला तर दिसतो. वर्षानं मी मंगळसूत्र परत घातलं तेव्हा अत्तींनी जवळ बोलावून त्यावरून बोट फिरवलं, आणि ‘‘मेत्तग आतु’’ एवढंच म्हणाल्या.

मैत्रिणीनं बजावलं होतं, लिहिणार असशील तर माझं नाव घालू नकोस. घातलेलं नाही. पण तिच्या वतीनं वाचकांना एक विनंती आहे. टाके काढून घरी निघताना दारातून परत वळा आणि विचारा, ‘‘डॉक्टर, आता पुढे काय?’’