जस्त मोजायचंय, मग माती जस्ती बादलीत कशाला?

शेतकरी बंधूंनो, उसाचं पान पिवळं पडलं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपण म्हणतो, "जमिनीत लोह नाही." खरं तर काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं. पण चुनखडी जास्त असली की ते अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. कोठीत धान्य आहे पण किल्ली हरवली, अशी गत.

म्हणून प्रयोगशाळेत जमिनीतलं सगळं लोह वा जस्त मोजत बसत नाहीत. 10 ग्रॅम मातीत डीटीपीएचं 20 मिली द्रावण घालून 2 तास हलवतात आणि गाळतात. पिकाला घेता येण्याजोगं जस्त, लोह, मंगल, तांबे या द्रावणात उतरतं. ते यंत्रावर मोजतात. लिंडसे आणि नॉर्व्हेल या शास्त्रज्ञांनी 1978 साली मांडलेली ही पद्धत आजही चालते.

यात जस्ताची कमतरतेची मर्यादा साधारण 0.6 पीपीएम धरतात. म्हणजे किलोभर मातीत साखरेच्या बारीक दाण्याएवढं जस्त! आता सांगा, हाच नमुना तुम्ही जस्ती बादलीत कालवला किंवा खताच्या रिकाम्या पिशवीत भरला तर काय होईल? बादलीचं जस्तही द्रावणात उतरणार. कार्डावर "जस्त पुरेसं" असं येणार आणि पीक मात्र उपाशी राहणार. द्रावणाला बादली आणि माती यातला फरक कळत नाही.

तेव्हा खड्ड्याच्या कडेची माती बांबूच्या कामटीने काढा. प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा. सावलीत वाळवून अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खर्च काहीच नाही.

आता थोडं गावकारभाऱ्यांना आणि आम्हा कर्मचाऱ्यांनाही. 2015 साली मृद आरोग्य पत्रिका योजना आली, नमुन्यांची उद्दिष्टं आली. पण उद्दिष्ट गाठायचं म्हणून एकाच बांधावरची माती दहा पिशव्यांत भरली, तर दहा कार्डं खोटी ठरतात. त्या कार्डावर भरवसा ठेवून शेतकरी झिंक सल्फेटची गोणी घेतो किंवा घेत नाही. दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

सरपंच, ग्रामसेवक मंडळी, नमुना घेताना शेतकरी स्वतः शेतात हजर असावा, एवढा ठराव ग्रामसभेत करा. आणि बंधूंनो, पुढच्या वेळी कुणी तुमच्या नावाची पिशवी परस्पर भरत असेल, तर त्याचा हात धरा. मग तो हात आमचा असला तरी!