आठवीचा प्रवेश, बारावीचा हिशेब

दिवाळी सरली की आपल्या व्यापारी कुटुंबांत दोन विषय हमखास निघतात. एक लग्नाच्या तिथींचा आणि दुसरा शाळाप्रवेशाचा. पहिल्या विषयात माझा सल्ला कोणी घेत नाही. दुसऱ्यात मात्र निवृत्तीनंतर तो अधिकच घेतला जातो. ज्याने आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासले, त्याने शाळांचेही तपासून द्यावेत, अशी समजूत असावी.

गेल्या महिन्यात एका रविवारी पुण्याच्या मार्केट यार्डातील एक जुने भुसार व्यापारी सहकुटुंब घरी आले. मी त्या भागातील शाखेत होतो तेव्हापासूनचा हा परिचय. बरोबर मुलगा, सून आणि गुळगुळीत कागदावर छापलेल्या दोन शाळांच्या माहितीपुस्तिका. नात सातवीत शिकते आणि आठवीपासून तिला आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत घालावे असा घरातला विचार. सूनबाईंनी पाणी पिऊन होताच विचारले, “काका, आयबी घ्यावं की केंब्रिज?”

मी उलट विचारले, “अठराव्या वर्षी ती कुठे असावी असं तुम्हाला वाटतं?”

क्षणभर कोणी बोलेना. मग तिघांनी तीन उत्तरे दिली. आजोबा म्हणाले, सीए व्हावी. वडील म्हणाले, पदवीसाठी इंग्लंडला जावी. आई म्हणाली, दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून तर हा सारा खटाटोप. चौथे उत्तर जिच्याकडे असायला हवे होते ती आलीच नव्हती. “तिला यातलं काय कळतंय,” असे म्हणून तिला घरी ठेवले होते.

कर्जाचा अर्ज तपासताना आम्ही प्रथम परतफेड कोठून होणार हे पाहत असू आणि तारण मागाहून. शाळेच्या बाबतीतही मला तोच क्रम योग्य वाटतो. बारावीनंतरचे ठिकाण आधी ठरवावे आणि तेथून मागे येत आठवीपर्यंत पोचावे. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. आठवीला इमारत, तरणतलाव आणि शेजारच्या मुलाची शाळा पाहून प्रवेश घेतला जातो, आणि दहावीनंतर लक्षात येते की आपल्याला जायचे होते ते गाव या रस्त्यावर नाही.

या दोन मंडळांची थोडी ओळख करून घेऊ. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय संस्थांतील अधिकाऱ्यांची मुले वडिलांच्या बदलीबरोबर देश बदलत. त्यांना कोणत्याही देशातील विद्यापीठात चालेल असे एक प्रमाणपत्र मिळावे, ही त्यामागची एक मोठी गरज होती. (आम्हा बँकवाल्यांच्या बदल्याही काही कमी होत नसत, पण आमच्या मुलांसाठी कोणी मंडळ काढले नाही.) केंब्रिजचे परीक्षा मंडळ याहून पुष्कळ जुने, १८५८ सालचे. त्याची दहावीच्या तोडीची आयजीसीएसई ही परीक्षा १९८८पासून सुरू झाली. तिच्यानंतरची दोन वर्षे एएस आणि ए लेव्हलची.

पालक ‘आयबी की केंब्रिज’ असा एकच प्रश्न विचारतात, पण प्रत्यक्षात निर्णय दोन आहेत. दहावीपर्यंतचा एक आणि अकरावी-बारावीचा दुसरा. आयजीसीएसई करून पुढे आयबी डिप्लोमा घेता येतो, आणि अनेक शाळांत तीच रीत आहे. आयजीसीएसईला दहावीच्या शेवटी बाहेरच्या मंडळाची परीक्षा असतेच. आयबीच्या दहावीपर्यंतच्या एमवायपी या टप्प्यात मात्र बाह्य परीक्षा ऐच्छिक असते. ज्या मुलाने दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात जाण्याची थोडी जरी शक्यता आहे, त्याच्या पालकांनी ही परीक्षा शाळा घेते की नाही, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

आता आजोबांच्या सीएकडे येऊ. आयबी डिप्लोमात अर्थशास्त्र आहे, व्यवसाय व्यवस्थापन आहे. परंतु लेखाकर्म हा स्वतंत्र विषय नाही. ज्या घरात चार पिढ्या रोजमेळ-खतावणी चालली, त्या घरातील मंडळींना हे ऐकून आश्चर्य वाटते. केंब्रिजमध्ये लेखाकर्म आयजीसीएसईलाही आहे आणि ए लेव्हललाही. सीए फाउंडेशनची परीक्षा बारावीनंतर देता येते आणि तिच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी पहिलीच लेखाकर्माची. आयबीचा विद्यार्थी सीए होऊ शकत नाही असे मुळीच नाही. पण जमा-नावेचा श्रीगणेशा त्याला बारावीनंतर करावा लागतो. आपल्या राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेतील मुलाने तोवर पुस्तपालनाची दोन वर्षे पुरी केलेली असतात आणि ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ नावाचा विषयही पचवलेला असतो. केवळ सीए हेच ध्येय असेल, तर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा खर्च का करावा, असे मी आजोबांना स्पष्ट विचारले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि मुलाने छताकडे.

वडिलांच्या इंग्लंडचे गणित वेगळे. तेथे ए लेव्हल घरचेच आणि आयबी डिप्लोमाही चांगला परिचित. डिप्लोमात सहा विषय, त्यांतले साधारणपणे तीन वरच्या पातळीवर, आणि शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र शोधनिबंध. एकूण गुण ४५ आणि डिप्लोमासाठी किमान २४ लागतात. आमच्या सोसायटीतील एका मुलीने हा शोधनिबंध कांद्याच्या भावातील चढउतारांवर लिहिला. जैन घरातील मुलगी आणि विषय कांदा, यावर घरात पुष्कळ विनोद झाले. पण निबंध मी वाचला आहे. बाजार समितीची आवक, साठवण आणि भाव यांचा संबंध तिने ज्या शिस्तीने मांडला होता, तशी शिस्त मला एमकॉमच्या प्रबंधातही साधली नव्हती. हे शिक्षण पोकळ नाही, एवढे मी मोकळेपणाने मान्य करतो. घोकंपट्टीत न रमणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ते मानवते.

अडचण येते ती ‘दोन्ही वाटा मोकळ्या’ या अपेक्षेची. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे एनसीईआरटीच्या पुस्तकांशी जवळचे नाते आहे, आणि महाराष्ट्राची सीईटी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर आधारलेली आहे. आंतरराष्ट्रीय शाळेतील मुलगा या परीक्षा देऊ शकतो, देतोही; पण मग शाळेचा एक अभ्यास आणि शिकवणीवर्गाचा दुसरा, असे दोन संसार त्याला एकाच वेळी चालवावे लागतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला तेवढे तास नसतात.

दहावीनंतर मार्ग बदलण्याचीही एक खाच आहे. आमच्याच नात्यातील एका मुलाने आयजीसीएसई केली आणि पुढे येथील महाविद्यालयात अकरावी वाणिज्य करायचे ठरवले. त्याच्या शाळेने मुलांना मे-जूनच्या सत्रात बसवले होते. त्या सत्राचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो. अकरावीच्या प्रवेशफेऱ्या तोवर पुढे निघून गेल्या होत्या आणि उरलेल्या जागांतून त्याला घरापासून दीड तासावरचे महाविद्यालय पत्करावे लागले. भारतातील शाळांसाठी केंब्रिजचे मार्चचे सत्र आहे व त्याचा निकाल मे महिन्यात हाती येतो, ही माहिती आम्हाला नंतर कळली. त्याच्या वडिलांनी आणि मी, दोघांनीही ते आधी विचारले नव्हते. भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षतेसाठी किमान पाच विषयांत ए ते सी या श्रेणी लागतात, हेही विषय निवडतानाच पाहून ठेवावे.

आणि आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो.

माझ्या शाखेत डाळींच्या एका व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते होते. खाते उत्तम, मालसाठ्याचे विवरण दर महिन्याला वेळेवर. एकदा खात्याचा आढावा घेताना दर तिमाहीला एका शाळेच्या नावे जाणारी मोठी रक्कम दिसली. मी त्यांना बोलावून म्हटले, हे खाते मालाच्या खरेदीसाठी आहे, घरखर्चासाठी नाही. ते दुखावले. “साहेब, पोराच्या फीला तुम्ही घरखर्च म्हणता?” मी गप्प राहिलो. त्या वेळी शाखेच्या नोंदवहीत शेरा लिहिण्यापलीकडे मी काही केले नाही, याची बोचणी आजही आहे.

२०१५च्या ऑक्टोबरात सरकारने डाळींवर साठामर्यादा आणली. धंदा आखडला, येणी अडकली आणि खाते मर्यादेच्या वर जाऊ लागले. मुलगा तेव्हा आयबी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात होता. दोन हप्ते थकले, तिसरा भरता आला नाही, आणि वर्ष संपताना त्याला शाळा सोडावी लागली. डिप्लोमा हा दोन वर्षांचा अखंड अभ्यासक्रम. मंडळाची परीक्षा शेवटी. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याच्या हातात डिप्लोमा मंडळाचे काहीही पडत नाही. केंब्रिजमध्ये निदान एएस लेव्हलची श्रेणी मिळू शकते. या मुलाने दुसऱ्या महाविद्यालयात अकरावी पुन्हा पहिल्यापासून केली. वर्ष गेले ते गेलेच; पण वडील आणि मुलगा यांच्यात जो अबोला सुरू झाला, तो माझ्या निवृत्तीपर्यंत तरी संपलेला नव्हता. मुलाचे म्हणणे एवढेच होते की, झेपणार नव्हते तर मला तिथे घातले कशाला.

म्हणून त्या रविवारी मी पाहुण्यांसमोर कागद घेतला. समजा, आठवीची फी सहा लाख आणि दर वर्षी दहा टक्के वाढ. मग बारावीची फी पावणेनऊ लाखांच्या थोडी वर जाते आणि पाच वर्षांची बेरीज होते ३६ लाख ६३ हजार. परकीय मंडळाच्या परीक्षेचे शुल्क निराळे, आणि ते परकीय चलनाच्या दराबरोबर वरखाली होणारे. बस, सहली, लॅपटॉप यांचे आकडे माहितीपुस्तिकेत शोधूनही सापडले नाहीत. यात मी एकच अट घातली. अकरावीत पाऊल टाकण्यापूर्वी अकरावी आणि बारावीची मिळून होणारी सुमारे १६ लाख ७७ हजारांची रक्कम मुदत ठेवीत बाजूला असली पाहिजे, आणि ती दुकानाच्या भांडवलातून आलेली नसावी. ती ठेव तारण ठेवून कर्ज काढायचे नाही, हेही सांगावे लागले. व्यापाऱ्याचा हात कुठे जातो हे मला ठाऊक आहे.

आजोबांनी बराच वेळ कागद निरखला. म्हणाले, “हंगाम चांगला गेला तर जमेल.” मी म्हटले, “आणि वाईट गेला तर?” त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

सूनबाईंनी जेवणाचे विचारले, तेही योग्यच होते. या शाळांचा दिवस लांब असतो आणि निवासी सहली जवळजवळ ठरलेल्या. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, कंदमुळे वर्ज्य आणि पर्युषणातील उपवास यांची सोय शाळा कशी करते, हे शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहावे; स्वागतकक्षातल्या गोड होकारावर विसंबू नये. मराठीबद्दल म्हणाल, तर राज्यात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत ती शिकवणे बंधनकारक आहे. ती किती मनापासून शिकवली जाते, हे मुलांच्या वह्या पाहिल्यावर कळते.

निघताना मी एवढेच म्हटले की, पुढच्या खेपेला नातीला घेऊन या.

ती आली. दोन वेण्या, हातात रुबिकचा ठोकळा. आधी लाजली, मग आजोबांनी खूण केल्यावर बोलती झाली. सुट्टीच्या दिवशी ती आजोबांबरोबर पांजरपोळात जाते. तेथे येणाऱ्या डॉक्टरांच्या मागे मागे हिंडते. तिला जनावरांचे डॉक्टर व्हायचे आहे. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही, पण ते कोणी मोजण्यात धरले नव्हते.

सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. आपल्याकडे पशुवैद्यकाचा प्रवेश नीटमधून होतो आणि त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तिन्ही विषय हवेत. आयबीच्या नेहमीच्या डिप्लोमात विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तिसरा घ्यायचा तर विद्यापीठाची अट दाखवून शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते. केंब्रिजच्या ए लेव्हलला तिन्ही एकत्र घेता येतात. तिसरा मार्ग, दहावी कोणत्याही मंडळाची करून अकरावी-बारावी येथील विज्ञान शाखेत करण्याचा. तेराव्या वर्षीची आवड पुढे बदलेल हे मलाही कळते. पण आज ती जे सांगते आहे ते धरूनच प्रश्न विचारायला हवेत.

सूनबाईंनी दोन्ही शाळांना लेखी विचारणा केली : तीन विज्ञान विषय एकत्र घेता येतात का, परीक्षा कोणत्या सत्रात होते, आणि गेल्या तीन वर्षांत फी किती वाढली. एका शाळेचे तिन्ही प्रश्नांना क्रमवार उत्तर चार दिवसांत आले. दुसऱ्या शाळेने माहितीपुस्तिका पुन्हा एकदा पाठवली आहे.