ललिता पवार थपडेतून घडल्या नाहीत

सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड. परभणी जिल्ह्यात कुठेही जा, सुनेला जाच करणाऱ्या सासूला जुनी माणसं एकच नाव देतात: ‘नुसती ललिता पवार!’ त्यापाठोपाठ थपडेची गोष्ट निघते. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका संपली, खाष्ट सासू जन्माला आली.

अपघात खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तारखांपुढे टिकत नाही.

येवल्यात १९१६ साली जन्मलेली अंबू सगुण, म्हणजेच पुढची ललिता पवार, १९२८ पासून मूकपटांत काम करत होती. १९३२ च्या ‘कैलास’ची सहनिर्मिती तिने केली आणि त्यात नायिका, खलनायिका आणि आई अशा तिन्ही भूमिका स्वतःच केल्या. तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती! देखण्या नायिकेचं काम हाताशी असताना आई आणि खलनायिकाही आपणच करायची, ही निवड कोणत्याही अपघाताने लादलेली नव्हती. पुढे १९३७ मध्ये ‘दुनिया क्या है’ची निर्मिती त्यांनी केली, तीही टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतून. चरित्र अभिनेत्री त्यांच्यात थपडेच्या दहा वर्षं आधीपासून होती. थपडेने नायिकेचा रस्ता बंद केला, एवढंच म्हणता येईल. उरलेलं श्रेय त्या बाईंच्या अभ्यासाला आणि जिद्दीला द्यायला हवं.

‘पण त्या डोळ्यानेच तर जरब आली ना?’ असं विचारलं जातं. तोच डोळा घेऊन त्या ‘श्री ४२०’मध्ये केळी विकणारी मायाळू गंगामाई झाल्या. त्याच डोळ्याने हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त (१९५९) मिसेस डिसा उभी केली. राज कपूरने साकारलेल्या भाडेकरू पोरावर तोंडाने आग पाखडणारी आणि आतून त्याच्यासाठी तुटणारी ही घरमालकीण शेवटी दूषित औषधाने मरते, आणि चित्रपटाचा सगळा नैतिक भार तिच्या मृत्यूवर येऊन पडतो. या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. दुष्टपणा डोळ्यातच होता, तर मग ही माया कुठून आली?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: त्यांनी तेच ते केलं. सासवा पुष्कळ केल्या, हे मान्य. पण ‘दहेज’मधली सासू हुंड्याच्या प्रथेचं क्रूर तोंड आहे. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधल्या सीतादेवीला पुरुषजातीचाच तिटकारा आहे, आणि तो ती भाचीवर लादू पाहते. ‘जंगली’तली आई घराण्याच्या शिस्तीत स्वतःच कोंडलेली आहे. या तिघींना एकाच मापाने मोजणं हा प्रेक्षकाचा आळस झाला. आणि ‘प्रोफेसर’ (१९६२)? म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर भाळणारी कडक पालक त्यात आहे. ती नटू लागते तेव्हा हसू येतं आणि थोड्याच वेळात त्या हसण्याची लाज वाटते, कारण या बाईलाही कुणीतरी हवं होतं हे तोवर कळलेलं असतं. हिंदी सिनेमात एवढं अवघड काम फार थोड्यांनी केलं.

एकाच भूमिकेचा शिक्का हॉलिवूडच्या मार्गारेट हॅमिल्टनवरही बसला. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधल्या (१९३९) चेटकिणीने तिला आयुष्यभर सोडलं नाही. चेटकीण ही फक्त भूमिका होती, हे मुलांना समजावायला ती १९७५ साली टीव्हीवरच्या एका मुलांच्या कार्यक्रमात गेली. आपल्याकडे असं समजावून सांगायचं काम समीक्षकांचं आणि चित्रपट मंडळांचं होतं. त्यांनी थपडेची गोष्ट तेवढी पुन्हा पुन्हा सांगितली.

भूमिका त्यांच्याकडे अभिनयामुळे येत होत्या, याचं मंथरेचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये त्यांनी ती केली होती. रामानंद सागर यांना १९८७ मध्ये मालिकेसाठी मंथरा हवी होती, तेव्हा सव्वीस वर्षांनी, सत्तरी ओलांडलेल्या याच बाईंकडे ती भूमिका आली. १९६१ सालीच त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला होता, आणि तो अभिनयासाठी होता.