भर दुपारचे मीठ

बाली बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, कुसांबा गावाजवळ वाळू काळीभोर आहे. ज्वालामुखीची वाळू ती. सकाळी मीठ पिकवणारा माणूस खांद्यावर कावड घेऊन लाटांत उतरतो, दोन्ही भांडी भरतो आणि सपाट केलेल्या वाळूवर चालता चालता पाणी शिंपडत जातो. एका खेपेने भागत नाही. अशा कितीतरी खेपा होतात. ऊन चढले की वाळू सुकते आणि तिच्यावर खारी पापडी धरते. ती वाळू खरवडून झोपडीतल्या लाकडी पिंपात भरायची, वरून पुन्हा समुद्राचे पाणी ओतायचे आणि खाली पाझरणारे दाट खारे पाणी डोणींत घालायचे. नारळाचे खोड उभे चिरून, आतून कोरून या डोणी केलेल्या असतात. तिकडे त्यांना ‘पालुंगान’ म्हणतात. उन्हात पाणी आटते, तळाला मीठ धरते आणि ते खरवडून टोपलीत निथळत ठेवतात.

हे सारे काम उन्हावर चालते, आणि ऊन जितके कडक तितके ते चांगले. विषुववृत्ताच्या दक्षिणेला अवघ्या आठ-नऊ अंशांवर असलेल्या या बेटावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. नेमक्या त्याच वेळी छायाचित्रकार मंडळी कॅमेरा बॅगेत घालून सावली गाठतात. ती परत येतात ती संध्याकाळी, सोनेरी उजेडात. तोवर डोणी रिकाम्या झालेल्या असतात. मग राहिलेल्या एखाद्या कामकऱ्याला पुन्हा कावड उचलायला सांगितले जाते, सूर्यासमोर त्याची काळी आकृती टिपली जाते, आणि ‘पारंपरिक मीठ उत्पादक’ या ओळीखाली ते चित्र छापले जाते. छायाचित्र देखणे असते, पण मीठ कसे झाले ते त्यात कुठेच नसते.

मोटरसायकलवरून बेट पालथे घालत अन्न करणाऱ्यांची छायाचित्रे काढण्याची ओढ अलीकडे आपल्या व्यवसायात वाढली आहे. बाली त्यासाठी सोयीचे आहे. सारे बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा लहान, वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, भाड्याची स्कूटर गल्लोगल्ली मिळते. देन्पासारहून पूर्वेकडे निघाले की कुसांबा तासा-दीड तासावर. दुचाकीवर धुराचा वास आधी येतो, मग धूर दिसतो. कारंगासेमच्या डोंगरांत ताडीपासून आराक गाळणाऱ्या भट्ट्या पुष्कळांना अशाच सापडतात. चारचाकीची काच बंद असेल तर तो वास निसटतो.

पण हीच गाडी घातही करते. चाक फिरायला लागले की पुढच्या गावाची ओढ लागते. सकाळी कुसांबा, दुपारी सिदेमेनची भट्टी, संध्याकाळी आमेदचा किनारा असा बेत ठरतो आणि कुठल्याही कामाची सुरुवात किंवा शेवट पाहायला मिळत नाही. दिवसाला एकच ठिकाण, तेही काम सुरू होण्याआधी गाठायचे, एवढी शिस्त पाळली तर मोटरसायकलसारखे साधन नाही.

उपकरणांचेही पाहावे लागते. मोटरसायकलच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा कमकुवत होऊ शकते, अशी सूचना ॲपलनेच 2021 मध्ये दिली होती. तेव्हा फोन हँडलला लावू नये, आणि कॅमेऱ्याची बॅग मागच्या कॅरियरला न बांधता पाठीवर घ्यावी. अंग बरेचसे धक्के झेलते. खाऱ्या वाऱ्यात लेन्सच्या काचेवर मिठाचे कण बसतात. कोरड्या कापडाने पुसले तर काचेवरचा लेप ओरखडतो. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेले कापड फिरवावे.

राहिला उन्हाचा प्रश्न. चौकट काळ्या वाळूने भरली की कॅमेरा फसतो, चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि कडेचे पांढरे मीठ जळून जाते. एक स्टॉप कमी करून पाहावे. टोपीच्या सावलीत डोळे बुडतात हे खरे. पण माणूस डोणीवर वाकून मीठ खरवडू लागला की त्या मिठाचाच उजेड खालून त्याच्या हनुवटीवर, गालांवर पडतो. हा उजेड संध्याकाळी मिळत नाही.

क्रमाने काढलेल्या छायाचित्रांचे मोल याच बेटावर फार पूर्वी सिद्ध झाले आहे. ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड हे मानववंशशास्त्रज्ञ दांपत्य 1936 पासून बालीत राहिले. बेटसन लाइकाने टिपत, मीड त्याच वेळी वेळेच्या नोंदीसह टिपणे लिहीत. सुमारे 25,000 छायाचित्रांतून निवडलेली 759 छायाचित्रे त्यांच्या 1942 च्या ‘बॅलिनीज कॅरेक्टर’ या ग्रंथात आहेत, बरीचशी एकामागून एक घडणाऱ्या हालचालींच्या ओळींनी. त्यांच्या निष्कर्षांवर नंतर वाद झाले; छायाचित्रे मात्र आजही वाचता येतात, कारण आधी काय आणि नंतर काय हे त्यांत कळते.

आणखी एका गोष्टीची नोंद वहीत हवी, ती नावाची. बालीत पहिल्या अपत्याचे नाव बहुधा वायान, दुसऱ्याचे मादे, तिसऱ्याचे न्योमान, चौथ्याचे क्तुत. ओळीत नुसते ‘वायान’ छापले तर कोणाचीच ओळख पटत नाही. बाई असेल तर ‘इबू’, पुरुष असेल तर ‘बापाक’ म्हणून आदराने हाक मारावी, ‘बोलेह फोटो?’ म्हणजे ‘फोटो काढू का?’ असे विचारावे, आणि निघण्यापूर्वी पूर्ण नाव त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्यावे. मिठाची पुडी विकत घेतली म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. छापलेले चित्र पोचवण्याचा पत्ताही त्याच पानावर असावा.

अशा क्रमवार नोंदीची निकड खरी आहे. आमेदला जिथे मीठ पिकत होते तिथे बऱ्याच जागी आता हॉटेले उभी आहेत. आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरांचे चित्र फार वेगळे नाही, आणि तिथलीही आपली छायाचित्रे म्हणजे बहुतेक मिठाच्या पांढऱ्या राशी आणि मावळता सूर्य. गोव्यात माडाची सूर काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय तासायला. दुपारच्या त्या चढाईची छायाचित्रे क्वचितच पाहायला मिळतात.

म्हणून येत्या अंकापासून अन्न करणाऱ्यांवरच्या छायाचित्रमालिका स्वीकारताना हे मासिक तीन गोष्टी मागेल: कामाच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतचा क्रम, प्रत्येक चित्राखाली ते टिपल्याची वेळ, आणि करणाऱ्याच्या संमतीने त्याचे पूर्ण नाव. दुपारी बारा ते तीनमधले निदान एक छायाचित्र त्यात असावे.