पेन्सिलीआधी माती : तीन ते सहा वर्षांच्या हातांना काय हवं?



जून उजाडला की बालवाडीच्या दारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मॅडम, लिहायला कधी शिकवणार? शेजारच्या पोराला पन्नासपर्यंत अंक लिहाय येतात की ओ!" विचारणारी आई काळजीपोटी विचारते, तिला दोष देता येत नाही. भरलेली वही दिसते, तिच्यावरून शाळेची किंमत करता येते. मुलाच्या हाताची तयारी मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलाकडून पानंच्या पानं गिरवून घेऊ नयेत. त्या वयात हाताला माती, कणीक, पाणी, मणी, चिंचोके मिळावेत. लिहिण्याची खरी तयारी तिथेच होते.

कारण शरीराचं आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेच्या, म्हणजे मऊ अवस्थेत असतात आणि पुढे वर्षानुवर्षं एकेक करून पक्की होत जातात. मुलाचा हातावरचा ताबाही खांद्याकडून बोटांकडे येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. म्हणून तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात फिरवून रेघोट्या मारतं. तो त्याचा आडमुठेपणा नव्हे, त्या वयाची ती रीतच आहे.

आकारांचंही तसंच. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्या वर्षाच्या आसपास त्रिकोण. थोडं मागेपुढे होतं, पण क्रम बहुधा हाच असतो. आता आपली अक्षरं बघा. 'अ' मध्ये वळणं, आडवी रेघ, काना आणि वर शिरोरेघ. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर आणखी अवघड. ज्या मुलाला त्रिकोण काढता येत नाही, त्याच्याकडून आपण 'ज्ञ' मागतो. जुन्या शिक्षकांना याची जाण होती. 'गमभन' हा शब्द आपल्या बोलण्यात उगाच आलेला नाही. ही चारही अक्षरं काना आणि छोटी गाठ यांवर उभी आहेत, म्हणून हाताला सोपी जातात.

तयारी नसलेल्या हाताकडून लिहून घेतलं की काय होतं, हे आपण सगळेच बघतो. पेन्सिल कशीबशी धरली जाते आणि ती चुकीची पकड पुढे सुटता सुटत नाही. मूल "हात दुखतोय" म्हणतं, आपल्याला ते नाटक वाटतं. डावखुऱ्या मुलाचे तर दुप्पट हाल. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे शाळा ही त्रासाची जागा आहे, हे चार वर्षांचं पोर मनात पक्कं करून टाकतं. पुढे ते काढणं फार अवघड.

यावर पालक एक मुद्दा मांडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येच म्हटलंय की मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, मग लवकर सुरुवात नको का? सुरुवात हवीच, पण कशाची? त्याच धोरणात तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा आहे आणि त्यात खेळ, गोष्टी, गाणी, हाताने करून बघणं यांवर भर आहे. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तेच सांगतो. मेंदू बोलण्यातून, हाताळण्यातून, "असं का?" विचारण्यातून वाढतो. पहिलीचा अभ्यास दोन वर्षं आधी आणल्यानं तो वाढत नाही.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मूल आनंदाने, परिसरातून शिकतं, हे प्राथमिक शाळेत दाखवून दिलं. इतकं जवळ उदाहरण असताना आपण वहीच्या पानांवर का अडून बसावं?

"पण पहिलीत गेल्यावर मागे पडलं तर?" ही भीती खरी आहे. आम्हा शिक्षकांचा अनुभव असा, की बोटं तयार झालेलं सहा वर्षांचं मूल काही महिन्यांत जे शिकतं, त्यासाठी चार वर्षांचं मूल दोन वर्षं रडत बसतं. आणि लेखन लांबवायचं म्हणजे अक्षरं लपवून ठेवायची, असं नव्हे. रोज एक गोष्ट वाचून दाखवा. एसटीवरची पाटी, दुकानाचं नाव बोट ठेवून वाचा. मुलाला स्वतःहून आपलं नाव लिहावंसं वाटलं तर खुशाल लिहू द्या. सक्ती तेवढी नको.

घरी काय करता येईल? भाकरी थापताना पिठाचा छोटा गोळा त्याच्याही हातात द्या. शेंगा सोलू द्या, शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या, वेळ लागला तरी चालेल. बेंदराला विकतचे बैल आणण्याआधी एक बैल त्याला करू द्या. शिंगं वाकडी होतील, पाय तीनच होतील, होऊ देत. शिंग ओढून काढताना जी चिमूट लागते, तीच उद्या पेन्सिल धरणार आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. पहिलीत आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी "किती लिहिता येतं?" असं विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या धाकानं खालच्या सगळ्या बालवाड्या वह्या भरत बसतात. आणि बालवाडीच्या ताईंनो, पुढच्या पालकसभेत वह्यांऐवजी मुलांनी केलेल्या वस्तू मांडा. कोणतं मूल आता कात्री धरतं, कोण मणी ओवतं, कोण गोष्ट पुन्हा सांगतं, ते आईवडिलांना दाखवा. दिसलं की पटतं. आणि पटलं की वहीचा आग्रह आपोआप कमी होतो.