थंडीतला जनरेटर आणि आपली जबाबदारी



जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो. अशा सकाळी वीज गेली आणि शाळेचा जनरेटर सुरू झाला नाही, की पहिला बोल शिपाईकाकांना बसतो. आम्हाला हे मान्य नाही. थंडीत जनरेटर अडतो त्याला कारणे आहेत, आणि ती सारी आधी ठाऊक असणारी आहेत.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. गारठलेले लोखंड ही उष्णता शोषून घेते. वंगण घट्ट होते, इंजिन जड फिरते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकदही घटते. शून्य अंशाला सुमारे पाचवा हिस्सा. शिवाय डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणूनच भारतीय मानकात (आयएस १४६०) फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश, तर उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. मे महिन्यात भरून ठेवलेले डिझेल जानेवारीत दगा देऊ शकते, ते यामुळे.

मग सुरू होतो जुगाड. हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा धरणे, ईथरचा फवारा मारणे, टाकीखाली पेटते फडके नेणे. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथर मारले तर स्फोटही होऊ शकतो. शाळेच्या आवारात यातले काहीही होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चार दिव्यांसाठी कुणाचा हात भाजावा, एवढी घाई कुठल्याच तासाला नसते.

योग्य रीत साधी आहे. ग्लो प्लग असल्यास त्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे. स्टार्टर दहा सेकंदांहून अधिक दाबू नये. मग निदान एक मिनिट बॅटरीला उसंत द्यावी. इंजिन सुरू झाल्यावर तीन ते पाच मिनिटे भार टाकू नये. फिल्टरमधले पाणी नियमित काढावे आणि आठवड्यातून एकदा, वीज असली तरी, यंत्र भार देऊन चालवावे. धुराची नळी वर्गांपासून दूर असावी. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

काही मंडळी म्हणतील, महिनाभराच्या थंडीसाठी एवढा खर्च कशाला? पण त्याच दिवसांत प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि संगणक कक्ष विजेवर चालतो. जनरेटरला देणगीदार मिळतो, कारण त्यावर नावाची पाटी लागते. बॅटरीवर, चार्जरवर, फिल्टरवर पाटी लागत नाही. पण यंत्र चालते ते त्यांच्याच जोरावर.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती, अंदाजपत्रकात जनरेटरच्या निगेची स्वतंत्र रक्कम असावी आणि दिवाळीच्या सुट्टीतच बॅटरी, तेल व डिझेल यांची तपासणी व्हावी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यंत्राला हात न लावता रोजचे तापमान आणि सुरू होण्यास लागलेला वेळ वहीत टिपावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवतो. तो धडा शाळेलाही लागू आहे.