मोतमाउलीच्या रांगेत

वांद्र्याच्या माउंट मेरीला मराठी बायका मोतमाउली म्हणतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून तिची जत्रा भरते. माझी जवळची मैत्रीण कॅथलिक, मी हिंदू. आम्ही दोघी तिथे जातो. टेकडीवर मेणाची बाळे, घरे, हात, पाय विकायला असतात. जसा नवस, तसे मेण. रांगेत कुंकू लावलेल्या, बुरख्यातल्या, गळ्यात क्रूस घातलेल्या, साऱ्याच बायका असतात.

‘अंधश्रद्धा’ म्हणून आपण कार्यकर्त्या मोकळ्या होतो. मला ते पटत नाही. मूल होत नाही, नवरा पितो, घर राहिले नाही. घरात आणि चौकीत जे कुणी ऐकत नाही, ते बाई इथे सांगते.

मात्र इथे प्रत्येकीचे मागणे एकटीचेच राहते. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. बायकोला व्यभिचारासोबत छळ किंवा नवऱ्याने टाकल्याचेही सिद्ध करावे लागे. नुसता छळ पुरत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही अट मोडली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. बायका कोर्टात गेल्या, संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावला, म्हणून हे घडले.

तेव्हा मैत्रिणींनो, मेणाचे बाळ वाहणारीला हसू नका. तिची श्रद्धा तिच्याकडे राहू द्या. रांगेत तिच्याशी बोला, तिचे दुःख ऐका. तसेच दुःख असलेल्या आणखी दहाजणींशी तिची गाठ घालून देणे, हे आपले काम आहे.